खाडीच्या हवेत वऱ्हाडी कूलर

सगळ्यात वरच्या मजल्यावर घर घेऊ नये. हे मला कुणी सांगितलं नाही असं नाही. सांगणारे भरपूर होते, पण ते सगळे घर घेऊन झाल्यावर सांगायला आले. त्याआधी जो तो म्हणत होता, "वरचा मजला? वा, हवा काय छान येईल!" डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून बरीच आत, तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आणि आमचं घर अगदी वर. म्हणजे आमच्या डोक्यावर फक्त स्लॅब आणि स्लॅबच्या डोक्यावर सूर्य. मार्च लागला की तो स्लॅब दिवसभर तापायचा आणि संध्याकाळी, बाहेर जरा बरं वाटायला लागलं की, साठवलेलं सगळं आमच्या अंगावर सोडायचा. पंखा लावला की तीच गरम हवा खाली ढकलायचा, पंखा बंद केला की डास. खिडकी उघडी ठेवावी तर कारखान्यांच्या बाजूने वारा फिरला की असा वास यायचा की डोळे चुरचुरायचे. नळाला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी यायचं ते इतकं गरम की दुपारी हात धुतानाही चटका बसायचा.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. एसी असायचा तो मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. आमच्यासारख्यांनी ओला टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि पावसाची वाट बघायची, एवढंच. नवरा ठाण्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला, त्यामुळे तो निदान दिवसा तरी सुटायचा. मी कल्याणच्या शाळेत शिकवायचे. माझी ऐन मे महिन्यात सुट्टी, म्हणजे त्या भट्टीत पूर्ण वेळ मीच. नवऱ्याकडे तक्रार केली की तो म्हणायचा, "असू दे. पाऊस येईलच." हा माणूस कशालाही "असू दे" म्हणतो. गळता नळ, तुटलेला कडीकोयंडा, उतू गेलेलं दूध, सगळ्याला एकच उत्तर. मी मात्र असू देणाऱ्यातली नाही.

तरीही आमच्या दोघांपुरता तो उकाडा मी निभावून नेला असता. प्रश्न बाबांचा होता.

माझे बाबा अकोल्याच्या पुढे एका तालुक्याच्या गावी एकटे राहायचे. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. आदल्या उन्हाळ्यात भर दुपारी ते अंगणात चक्कर येऊन पडले. शेजारीण ताक द्यायला आली म्हणून कळलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुणी त्या बाजूला फिरकलं नसतं. तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागले होते की आमच्याकडे या, इथेच राहा. आणि ते एकच पालुपद लावून बसले होते. "लेकीच्या घरी बाप राह्यला, असं म्हणून राह्यले लोक, तर मी काय तोंड दाखवू?"

आमच्याकडे हे होतंच. आजोबा तर मुलीच्या सासरी पाणीसुद्धा फुकट प्यायचे नाहीत, तहान लागली तर घोटभर पाण्याचे पैसे तिच्या हातावर ठेवायचे. बाबा इतके जुने नव्हते. चार बुकं शिकलेले, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, मला मुलगा-मुलगी असं काही न करता शिकवलेलं. पण ही एक गोष्ट त्यांच्या हाडात मुरलेली होती. मी सांगून थकले, रडून थकले, अबोला धरूनही बघितला. काही उपयोग नाही.

मग दिवाळीला गेले असताना मी सहज आमच्या स्लॅबची रड सांगितली. बाबा एकदम ताठ बसले.

"एवढं तापते तुमचं घर?"

"भट्टी आहे बाबा, भट्टी."

"अवं, मग असं सांग ना! जवाईबापू एवढा तरास काढून राह्यले अन् तू मले सांगतही नाहीस? येतो मी. थंड करून देतो तुमचं घर."

वऱ्हाडातल्या माणसाला उन्हाळ्याचं कुणी काही सांगू नये. पारा चढला की त्यांना चेव येतो. आमच्या घरी कूलर होता, पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, माझ्या छातीपर्यंत येणारा. तीन बाजूंना जाळीच्या झडपा, त्यात गवत भरलेलं, खाली पाण्याची टाकी. पंप ते पाणी वर चढवून गवतावर सोडणार, आणि मोठा पंखा बाहेरची कडकडीत हवा त्या ओल्या गवतातून ओढून घरात फेकणार. बाबांनी तो स्वतः उभा राहून बनवून घेतला होता आणि दरवर्षी स्वतः खोलून साफ करायचे. तो कूलर घेऊन येतो म्हणाले. एक उन्हाळा राहतो, मग बघू म्हणाले.

मला कळत होतं की डोंबिवलीत कूलरचं काही खरं नाही. पण ते यायला तयार झाले होते. तो एक उन्हाळा त्यांना आमच्याकडे सुखाचा गेला की पुढचाही जाईल आणि मग ते कायमचेच राहतील, असा माझा हिशेब होता. नाही गेला तर ते पुन्हा त्या रिकाम्या घरात जाणार, आणि पुढच्या वेळी कुणी ताक घेऊन येईलच असं नाही. त्या भीतीने मी एक काय दहा कूलर आणा म्हणाले असते.

बाबा रेल्वेने आले आणि कूलर आला एसटीच्या टपावरून, ठाण्याला खोपटच्या डेपोत. तो तिथून टेम्पोत घालून आणणं, आणि मग जिन्याच्या प्रत्येक वळणावर आडवा-उभा करत तीन मजले चढवणं, ह्या सगळ्यात हमालांनी जे काही शब्द वापरले ते बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. दारात अडकला तेव्हा दार काढलं. गॅलरीत ठेवायचा तर खिडकीचं ग्रिल आड येत होतं, तेव्हा ग्रिल कापलं. "अहो, ग्रिल कशाला कापता?" मी नवऱ्याला म्हटलं. "असू दे," तो म्हणाला, "बसेल नीट."

बिल्डिंगमध्ये पहिलाच कूलर. बघायला गर्दी. पोरं त्याच्यासमोर तोंड उघडून उभी राहायची आणि आ करून आवाज काढायची. सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहायचे. ते वर आले आणि ह्या यंत्राने बिल्डिंगच्या वायरिंगवर लोड येणार का ह्याची चौकशी करून, चहा पिऊन, अर्धा तास कूलरसमोर बसून गेले.

पहिल्या संध्याकाळी खरंच छान वाटलं. ते मी कबूल करते. ओल्या गवताचा वास सुटला, मला माहेरच्या ओसरीत बसल्यासारखं झालं, आणि बाबा खुर्चीत पाठ टेकून म्हणाले, "हं. आता कसं?" जेवणं होईपर्यंत मात्र चादर ओलसर लागायला लागली. उशी दमट. अंगावरचा घाम वाळेचना, कारण वाळायला हवेत जागाच उरली नव्हती. सकाळी उठलो तर काडेपेटीची एकही काडी पेटेना.

पुढच्या काही दिवसांत त्या घरात काय काय झालं म्हणून सांगू! बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं. पोहे चिवट, चिवडा मऊ, पापड तळायच्या आधीच मान टाकलेले. कपाटातल्या माझ्या लग्नातल्या शालूला बुरशीचा वास. वह्यांची पानं फुगली. फरशीवर पाय चिकटायचा. नवऱ्याला सर्दी झाली ती जायचं नाव घेईना. तो कूलरच्या तोंडासमोर झोपायचा, कारण बाबांनी त्याची गादी मुद्दाम तिथे घालायला लावली होती. जावयाला सगळ्यात जास्त वारा लागला पाहिजे ना! तो बिचारा शिंकत उठायचा, शिंकत डबा घेऊन जायचा आणि बाबांनी "झोप लागली ना?" विचारलं की म्हणायचा, "मस्त!"

आणि पाणी! आमच्याकडे पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, तेवढ्यात पिंप, बादल्या, घागरी सगळं भरून ठेवायचं. त्यातलं निम्मं हा कूलर पिऊन टाकायचा. मी धुण्याचं पाणी वाचवायचे, बाबा ते टाकीत ओतायचे.

तळमजल्यावर ज्यांची मुळात ती जागा होती त्यांचं कुटुंब राहायचं. खाडीकडची जुनी कोळी मंडळी. पूर्वी तिथे त्यांची जाळी वाळायची, आता आमची बिल्डिंग होती. त्या घरातली मावशी गच्चीच्या एका कोपऱ्यात सुकट वाळवायला घालायची, तेव्हा जाता-येता आमच्या दारात डोकवायची. एक दिवस तिने आत पाऊल टाकलं आणि नाक मुरडलं.

"यो पत्र्याचा डबा कनाला आनलास ग बाय? खाडीची हवा हाय ही, आदीच वली. तिला आनखी पानी कशाला पाजतंस?"

"हळू बोला मावशी, बाबा आहेत आत," मी म्हटलं. बाबांनी ऐकलंच होतं. ते बाहेर आले आणि त्यांनी तिला कूलर कसा चालतो ते समजावून सांगितलं, अगदी फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. ती डोक्यावरची पाटी सावरत सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "असंल बाबा," आणि गेली.

बाबांच्या मते दोष कूलरमध्ये होता, हवेत नव्हता. आधी गवत जुनं ठरलं. नवीन गवत इथे मिळेना म्हणून गावाहून मागवलं. मग पंप कमजोर ठरला. संध्याकाळी व्होल्टेज पडायचं तेव्हा तो खरंच कण्हायचा आणि पाणी वर जायचं नाही. मग कल्याणहून मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री आणला. तो "उद्या येतो" म्हणून आठवडाभर आला नाही. आला तेव्हा कूलरभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काका, पंखा छोटा पडतोय. मोठी मोटर टाकू, दुसरा पंप लावू, बर्फ पडेल बघा घरात." बाबा खूश. मी दाराआडून खुणा करून दमले. मोठी मोटर आली, दुसरा पंप आला आणि आता हवेबरोबर पाण्याचे तुषारही खोलीत यायला लागले. कॅलेंडरवरच्या गणपतीचा रंग ओघळला. मिस्त्री पुन्हा तोंड दाखवायला आला नाही. त्यानंतर बाबांनी बर्फाची लादी आणून टाकीत सोडून बघितली. ती लादी गोणपाटात गुंडाळून तीन मजले चढवताना त्यांना धाप लागली, आणि मी भडकले.

"बाबा, बाष्पीभवन तुम्ही मला शिकवलंत. माठ समोर ठेवून शिकवलंत. कोरड्या हवेत पाणी उडतं म्हणून माठ गार होतो. इथे कुठे कोरडी हवा आहे?"

"शिकवलं ना. मग?"

"मग इथे पाणी उडणार कसं? हवेत जागाच नाही."

"जागा करावी लागते, माय. म्हणून तर म्हणतो, समोरची खिडकी उघडी ठेव. तू वास येते म्हणून लावून घेतेस."

मी स्वयंपाकघरात येऊन भांडी आपटली. नवरा मागून आला.

"तुम्ही सांगा ना त्यांना," मी म्हटलं. "तुमचं ऐकतील. जावई आहात. सांगा की हा इथे चालत नाही."

"असू दे गं. सकाळी उठून पाणी भरतात, गवत बघतात, तेल घालतात. दिवस जातो त्यांचा."

"आणि आपलं घर कुजतंय ते? तुम्ही दिवसरात्र शिंकताय ते?"

"असू दे," तो म्हणाला आणि शिंकला. मी त्याला हातातलं उलथनं फेकून मारलं नाही, हे माझे संस्कार.

मी ठरवलं की मुळावरच घाव घालायचा. त्रास स्लॅबचा आहे, तर इलाज गच्चीवर झाला पाहिजे. गच्चीला चुना मारला की ऊन उलटून जातं आणि खालचं घर तापत नाही, हे कुठेतरी ऐकलं होतं. घर खरोखर थंड झालं, बाबांना इथे शांत झोप लागली, की कूलरचा हा सगळा खटाटोप आपोआप संपेल आणि ते नुसते आरामात राहतील. मला तेव्हा हे इतकं सोपं वाटलं होतं.

गच्ची सोसायटीची. म्हणजे परवानगी हवी. मी सेक्रेटरींकडे गेले, ते म्हणाले मीटिंगमध्ये मांडा. मीटिंगमध्ये मांडलं तर तळमजलावाले म्हणाले आम्हाला गच्चीचा काय उपयोग, पहिल्या मजल्यावरचे म्हणाले तुम्हाला वारा मिळतो तो आम्ही मागतो का, आणि बायका म्हणाल्या, "मे महिन्यात? वाळवणं कुठे घालायची?" ही खरी अडचण. आमच्या गच्चीवर कुठे कुणाच्या कुरडया, कुठे कुणाचे साबुदाण्याचे पापड, कुठे कुणाची मिरची, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कुणाची ताडपत्री हातभर सरकली तर महिनाभर बोलणं बंद व्हायचं. शेवटी सर्वानुमते ठरलं की वाळवणं संपली की चुना मारावा. म्हणजे जूनमध्ये. पावसाच्या तोंडावर! मी विचारलं, "मग छत्रीही तेव्हाच उघडू का, पाऊस संपल्यावर?" सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, रागावू नका." मी रागावलेच होते.

त्याच महिन्यात सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न निघालं, कल्याणच्या एका हॉलमध्ये. सगळी बिल्डिंग आमंत्रित. वाळवणं त्या दिवसापुरती उचललेली, गच्ची मोकळी. मी आदल्या दिवशी दुपारीच चुना भिजत घातला आणि तो हाताला सुटू नये म्हणून त्यात सरस उकळून घातला. नवऱ्याला म्हटलं माझं डोकं दुखतंय, तुम्ही बाबांना घेऊन जा. बाबा टोपी घालून, कोट घालून निघाले. जाताना मला बजावून गेले की टाकीत पाणी बघ.

मी पदर खोचून वर गेले. पाठोपाठ मावशी आली. तिला लग्नाला जायचं नव्हतं, कारण सेक्रेटरींच्या बायकोने तिच्या सुकटीला नाव ठेवलं होतं.

"माज्या कोपऱ्याव आदी मार," ती म्हणाली. "मंग कोन काय बोलतंय त बगू."

आम्ही दोघींनी मिळून सगळी गच्ची रंगवली. ऊन चढल्यावर पांढऱ्यावरून ते असं डोळ्यांत घुसायला लागलं की दोघींनी पदर कपाळावर ओढून घेतले. पहिला हात वाळल्यावर दुसरा दिला. माझ्या हातांची सालं निघाली, तळवे पोळले. पण कितीतरी महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मावशीने खाली नेऊन मला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "आता बोल म्हनावं."

लग्नाहून मंडळी आली. गच्चीवर काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. सेक्रेटरी मुलीच्या लग्नाच्या दिवशी भांडू शकत नव्हते, हे मी धरूनच चालले होते. त्यांची बायको मात्र जिन्यात उभी राहून बरंच काही बोलली. मी दार लावून घेतलं.

आणि घर थंड झालं. त्या संध्याकाळीच फरक जाणवला, दुसऱ्या दिवशी तर खात्री पटली. थंड म्हणजे महाबळेश्वर नव्हे. पण वरून जो शेक यायचा तो थांबला. पंख्याचा वारा वाऱ्यासारखा लागायला लागला. भिंतीला पाठ टेकता यायला लागली. मी कूलरचं बटण बंद केलं, प्लग काढला आणि अगदी मुठी आवळून म्हटलं, "बघा बाबा! आता लागतो का कूलर?"

बाबांनी स्टुलावर चढून स्लॅबला हात लावून बघितला. खाली उतरले. "नाही लागत," म्हणाले. "चांगलं केलंस."

पुढचे दोन-तीन दिवस मी मिरवत होते. मीठ कोरडं, पापड कडक, नवऱ्याची सर्दी उतरायला लागलेली. बाबा जरा गप्प होते, पेपर वाचत बसायचे. मला वाटलं, आराम करतायत. एका दुपारी मी भाकरीचं पीठ चाळत होते आणि ते आतून ट्रंक ओढत बाहेर घेऊन आले. धोतरांच्या घड्या घातलेल्या.

"जवाईबापू आले की त्याईले तिकिटाचं सांगतो. रविवारची गाडी मिळाली तर बरं."

"कुठली गाडी? कुणाचं तिकीट?"

"गावाची. झालं ना वं माझं काम. थंड झालं तुमचं घर. आता मी इथं कायले राहू?"

माझ्या हातातली चाळण पडली. पीठ सगळीकडे झालं. मी ओरडले. अगदी ओरडले. "मी तुम्हाला घर थंड करायला आणलं नव्हतं बाबा! मला तुम्ही हवे आहात इथे. तो कूलर गेला खड्ड्यात!"

"खड्ड्यात कायले? मोटर नवी आहे त्याची," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "तू लेक आहेस, माय. तू म्हणशीलच. पण घर जवायाचं आहे. काही करता येत होतं तोवर ठीक होतं. नुसतं बसून खायचं मले जमत नाही."

मी बरंच काही बोलले. तुम्ही पडलात तेव्हा कुणी नव्हतं, म्हटलं. ह्या वेळी मला तार येईल ती कसली येईल, म्हटलं. घर माझंही आहे, मीही कमावते, म्हटलं. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले आणि धोतराच्या एका घडीची दुसरी घडी करत राहिले. काही फरक पडला नाही. माझ्या चुन्याने पोळलेल्या हातांकडे बघून मला रडू कोसळलं. ह्याच हातांनी मी त्यांना घराबाहेर काढलं होतं.

संध्याकाळी नवरा आला. दारातच ट्रंक. त्याने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा चाललेत. आता तरी तोंड उघडा." मला वाटलं, आता हा म्हणणार, असू दे. म्हणाला असता तर मी त्याच गाडीने बाबांबरोबर निघून गेले असते.

त्याने हातपाय धुतले, खुर्ची उचलली, बंद कूलरच्या समोर नेऊन ठेवली आणि बसला.

"बाबा, हा बंद का?"

"आता गरज नाही ना, जवाईबापू. गच्चीचं काम झालं."

"गच्चीचं तिच्यासाठी झालं. मला हा लागतो. सवय झाली." तो मागे न बघता बोलत होता. "तीन दिवस झाले, झोप नाही. आणि पावसाळ्यात ह्याला गंज चढू नये म्हणून काय करायचं, गवत कधी बदलायचं, मला काय येतंय ह्यातलं? तुम्ही गेलात तर मी कुणाला विचारू?"

ज्या माणसाची सर्दी आदल्या दिवशी कुठे उतरली होती, तो हे बोलत होता. लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात मी ऐकली नव्हती. बाबांनी चष्मा पुसला, कूलरपाशी आले, झडप काढून गवतावर हात फिरवला, टाकीत हात घालून बघितला.

"कोरडी ठक्क आहे," ते म्हणाले. "तीन दिवस म्हणता? अन् बोलून नाही राह्यले? कमाल आहे तुमची." मग मला म्हणाले, "बघत काय राह्यली? पाणी आण."

मी बादली भरून आणली, टाकीत ओतली. आणखी एक आणली. बाबांनी प्लग लावला, पंप कण्हत सुरू झाला, गवत भिजलं, आणि नुकत्याच कोरड्या झालेल्या माझ्या घरात तीच दमट, चिकट हवा पुन्हा सुटली. बाबा नवऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसले.

"कसं वाटते वं?" त्यांनी मला विचारलं.

"गार वाटतंय, बाबा," मी म्हटलं.